रोलमधला शेवटचा फोटो

बायको मंगळवारी गेली. तिच्या कॅमेऱ्यात एका फोटोपुरता रोल उरला होता. तो संपला की धुवायला द्यावा लागणार, मग तिचं अर्धवट राहिलेलं काहीच घरात उरणार नाही, या भीतीने मी कॅमेऱ्याला हात लावत नव्हतो. त्याच्या चामडी पट्ट्याचा वास आला की अजून ती संध्याकाळ आठवते. ती गेल्यावर काही आठवड्यांनी, शेवटी धीर करून, मी तो गळ्यात अडकवून रंकाळा तलावावर गेलो. मावळतीला सगळ्यांचे कॅमेरे पाण्यातल्या दगडी संध्यामठाकडे लागलेले. ‘हा फोटो घरोघरी आहे, आपण दुसरं काहीतरी शोधू,’ असं ती म्हणायची. मला दुसरं काही सुचेना. बाजूला पाण्याकडेच्या कट्ट्यापाशी धारेच्या म्हशी उभ्या होत्या, गिऱ्हाइकासमोरच धार काढून ताजं दूध देतात त्या. तिथे ग्लासभर दूध सांगून मी मठाकडे बघत राहिलो. ‘‘पावणं, मठ कुठं पळून जात न्हाय,’’ गवळी म्हणाला, ‘‘फेस बसायच्या आत प्या की.’’ गडबडीने वळून ग्लास घेताना माझं बोट बटणावर पडलं, शेवटचा फोटो निघाला आणि रोल संपल्यामुळे कॅमेरा आपोआप तो गुंडाळत घरघरू लागला. म्हशीने कान टवकारले. ‘‘अवो, म्हस बुजंल, बंद करा त्ये.’’ ‘‘ते आता बंद होत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मग ऱ्हाऊ दे. दूध तर प्या.’’ मी ते कोमट दूध प्यायलो. घरघर थांबली तेव्हा बऱ्याच दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला. ठरवायचं माझ्यावर राहिलंच नव्हतं. रोल धुवून आणला तेव्हा त्या फोटोत फेसाळ ग्लास आला, म्हशीचं शिंग आलं आणि शिंगाच्या बाकात इवलासा मठ. तिच्या अल्बममध्ये मी तो शेवटी लावला. आता कॅमेरा चालत नाही. अल्बम आहे.