गरम पाण्याचं दुकान

पाटोदेकर सर गेल्याचा निरोप मला उमरग्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं दिला. सकाळची वेळ, तहसील कचेरीत नुकता येऊन टेकलो होतो, डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. त्यानं खिडकीतून विचारलं, "उपाध्ये तुमीच का? नागनाथनं सांगितलंय, सर गेले. दुपारी नेणार हाईत." गाडी उभी होती, तो लगेच गेला. शेजारच्या कारकुनाला मी म्हटलं, "माझे सर गेले." तो म्हणाला, "कोणते सर?" आणि मला पटकन सांगता येईना. टायपिंग शिकवणारे म्हणावं, जमाखर्च शिकवणारे म्हणावं, का... ज्यांनी मला माझ्या आवडीच्या एकुलत्या एका कामावरून काढलं ते म्हणावं? शेवटी "उमरग्याचे" एवढंच पुटपुटलो, रजेचा अर्ज खरडला आणि पुढच्या गाडीत जाऊन बसलो.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हैदराबादचं राज्य जाऊन बरेच दिवस झाले होते, कचेऱ्यांतून उर्दू हळूहळू उठत होती, आणि मॅट्रिक झालेला जो तो टायपिंग शिकून कारकून व्हायला निघाला होता. उमरग्याला हमरस्त्याच्या कडेला सरांचा वाणिज्य वर्ग होता. पत्र्याच्या दोन खोल्या, चार टाइपरायटर, त्यातल्या एकाचं घोडं कायम पेंड खात असायचं. आम्हाला सगळ्यांना नोकरी हवी होती आणि सरांना मात्र भलतंच वेड. त्यांनी आम्हा पोरांचं 'उद्योग मंडळ' काढलं होतं. दर शनिवारी प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, गावात काय मिळत नाही? कोणी म्हणे बर्फ, कोणी म्हणे चष्मे. एकजण म्हणाला, नोकरी. आम्ही हसलो, सर हसले नाहीत. त्यांनी तेही फळ्यावर लिहिलं. जे सुचलंय त्यातलं एखादं मंडळानं मिळून उभं करायचं, आणि ते आपल्या पायावर उभं राहिलं की वर्षाच्या शेवटी कुणातरी एकाच्या स्वाधीन करायचं. बाकीच्यांनी पुन्हा नवं शोधायचं. असा त्यांचा नियम.

मी म्हणालो, "अंघोळीचं गरम पाणी." सगळे माझ्याकडं बघायला लागले. पण मी थंडीत रोज बघत होतो ना! सोलापूर-हैदराबादचे ट्रक रस्त्याला थांबायचे आणि ड्रायव्हर, क्लीनर कुडकुडत विहिरीवर गार पाणी अंगावर घ्यायचे. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "हे करू या." आठवड्याभरात पत्र्याच्या चार न्हाण्या उभ्या राहिल्या. माझ्याबरोबर शिकणाऱ्या नागनाथनं त्याच्या मामाच्या गुऱ्हाळातली गूळ कढवायची जुनी काहील बैलगाडीत घालून आणली. तीत एका वेळी वीस बादल्या पाणी तापायचं. नागनाथ जवळच्याच खेड्यातला. चार भावांत थोडी कोरडवाहू जमीन, आणि गणितात असा कच्चा की जमाखर्चाची परीक्षा कधी पास होईल का, अशी आम्हा सगळ्यांना शंका.

मला मात्र त्या कामात शिकण्यासारखं काही नव्हतंच. आमचं घर तुळजापूरच्या पुजाऱ्यांचं. देवीला येणारे यात्रेकरू आमच्याकडं उतरतात, त्यांच्या अंघोळीचं पाणी तापवतच मी लहानाचा मोठा झालो. माणूस दारात आला की त्याला पाणी कढत हवं की कोमट, हे मी चेहऱ्यावरून ओळखतो. हसू नका, खरंच ओळखतो. लांबून आलेल्या ड्रायव्हरला आधी पायावर पाणी द्यायचं, मग बादली. दोन महिन्यांत अशी वेळ आली की ट्रकवाले नळदुर्गाला न थांबता आमच्यापाशी येऊन थांबायला लागले. एक सरदारजी तर मला 'पंडतजी' म्हणायचा आणि माझ्याच हातची बादली मागायचा. मी इतका खूश आयुष्यात कधी नव्हतो. वर्षाअखेरीस हे काम माझ्याच हवाली होणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. माझ्या तर नव्हतीच.

आणि एका रविवारी सकाळी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. कुणा यात्रेकरूनं त्यांच्या कानावर घातलं असणार. मी गुडघ्यापर्यंत धोतर खोचून, दोन हातांत दोन बादल्या घेऊन उभा. अण्णांनी मला पाहिलं आणि सरळ वर्गाच्या खोलीत सरांपाशी जाऊन बसले. पाच-दहा मिनिटंच. मग सर एकटे बाहेर आले आणि काहिलीकडं बघत म्हणाले, "उद्यापासून हे सगळं नागनाथ बघेल. तू परीक्षेकडं लक्ष दे." मी विचारलं, "माझं काही चुकलं का सर?" ते म्हणाले, "नाही, नाही," आणि आत गेले. बस... एवढंच. अण्णा त्याच दिवशी परत गेले.

परीक्षा झाली, तुळजापूरच्याच तहसिलीत चिकटलो, लग्न झालं, दोन मुलं झाली. पण डोक्यातला भुंगा काही जाईना. कधी वाटायचं, अण्णांनीच मोडता घातला. यात्रेकरूला पाणी दिलं तर पुण्य आणि ड्रायव्हरला दिलं तर बट्टा, हे कुठलं शास्त्र? तर कधी वाटायचं, सरांनाच मी नालायक वाटलो असेन आणि वडील आले ते निमित्त झालं. सरांनी दिलेल्या दाखल्यात 'अक्षर सुवाच्य, वर्तन चांगलं' एवढंच होतं. पाण्याचं नावही नव्हतं. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा धीर करून विचारलं. सर खोकत होते. म्हणाले, "त्याला आता किती दिवस झाले रे," आणि आत चहाचं सांगितलं. सरांवरचा राग कुणावर काढणार? तो अण्णांवर निघाला. एका घरात राहून इतकी वर्षं मी त्यांच्याशी 'हो', 'नाही', 'आलो' यापलीकडं बोललेलो नाही. त्यांनीही कधी कारण विचारलं नाही.

सरांना पोहोचवून आम्ही परतलो. नदीला पाणी नव्हतं, म्हणून नागनाथ म्हणाला, "अंघोळीला माज्याकडंच चल." आता तिथं विटांच्या आठ न्हाण्या आहेत, मुक्कामाच्या खोल्या आहेत, आणि नागनाथला चांगलं पोट सुटलंय. त्यानं स्वतः बादली आणून दिली. मी दार लावून घेतलं. तांब्या अंगावर घेतला, आणि बाहेरून त्याचा आवाज आला.

"एक सांगू का? तुजे वडील आले ना, त्याच्या आदल्या दिवशीच ठरलं हुतं."

"काय ठरलं होतं?"

"सरांनी मला इचारलं, कुणाला द्यावं? म्या म्हटलं, उपाध्येला द्या, त्याला लई चांगलं जमतं. तर म्हणाले, व्हय, तुज्यापेक्षा त्यालाच जमतं. पण त्याला उद्या कुठंबी नोकरी मिळंल. तुला न्हाय मिळायची."

अंगावरचं पाणी गार झालं. मग विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?" नागनाथ म्हणाला, "मलाबी बोलू नको म्हणाले हुते." तो खरं बोलत होता का? का इतक्या वर्षांनी, सर गेल्यावर, माझं मन राखत होता? दार मध्ये होतं, त्याचा चेहरा दिसत नव्हता. बाहेर आलो तर तो दुसऱ्या कुणाला टॉवेल देत होता. सरांना अग्नी देऊन दोन तास झाले नव्हते आणि मला त्यांचा संताप आला होता. 'तुला जमतं' हे दोन शब्द मला सांगायला काय झालं होतं त्यांना? आणि लगेच वाटलं, नागनाथचं पोट सुटलंय, त्याची पोरं शाळेत जातात... मग सर चुकले तरी कुठं? रडू येत होतं, पण नक्की कशाचं ते ठरेना.

त्याला आता महिना होऊन गेला. माझा गोंधळ काही कमी झालेला नाही. नागनाथ म्हणतो ते खरं असेल, तर अण्णांनी काहीच मोडलं नव्हतं, आणि मी त्यांच्याशी इतकी वर्षं उगाच अबोला धरला. खोटं असेल, तर... पण मला ते खरं असायला हवंय. पलीकडच्या खोलीत अण्णा सुपारी कातरताहेत, आवाज येतोय. उठून जावं आणि विचारावं, एवढंच करायचंय, पण पाय उचलत नाहीत. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, चष्मा पुसून पुसून वाचतात. सरांवरचा हा लेख त्या पुरवणीसाठी लिहायला बसलो, तो खरं म्हणजे त्यांनी वाचावा म्हणूनच. सर मला क्षमा करतील.

अण्णा, त्या दिवशी तुम्ही सरांशी काय बोललात?