कोपऱ्यातली जनावरं

बाजारामागच्या गल्लीत त्याचं बुक बाइंडिंगचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गिऱ्हाइकं त्याला बाइंडर म्हणत, आणि त्याची पाठ वळली की 'ओरिजिनल'. हे दुसरं नाव त्याच्या साडूची देणगी. बाइंडरला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. नाकाने कांदे सोलायचेच म्हटल्यावर निदान ते नीट तरी सोलावेत, असं तो स्वतःच म्हणायचा.

नाव पडलं ते एका कॉम्प्युटर गेमवरून. लेक लहान होती आणि तिला गाव वसवायचा एक गेम हवा होता. मोकळं माळरान मिळतं, तिथे आधी विहीर खोदायची, मग रस्ता, मग पिठाची चक्की, मग माणसं राहायला येतात. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सांगितलं, "चहा पिऊन या, तोवर कोऱ्या सीडीवर कॉपी मारून देतो." बाइंडर चहा प्यायला गेलाच नाही. उलट त्याने दुकानदाराला दुसऱ्याच्या मेहनतीची चाड या विषयावर एक भाषण दिलं आणि काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेला ओरिजिनल खोका मागितला. दुकानदाराने आधी त्यावरची धूळ पुसली आणि मग किंमत शोधली, कारण हा खोका कोणी खरंच विकत घेईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

आठवड्याभरात साडूनेही तोच गेम आणला, अर्थात कॉपी मारून. त्याच्याकडे तो टिचकी मारताच सुरू व्हायचा. बाइंडरकडे मात्र आधी एक मोठा दरवाजा यायचा. दरवाज्यात मिशाळ द्वारपाल उभा असायचा आणि विचारायचा, सोबतच्या पुस्तिकेच्या अमुक पानावर खालच्या कोपऱ्यात कोणतं जनावर आहे? पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर, पान क्रमांकाशेजारी, नखाएवढं एक जनावर छापलेलं होतं. पडद्यावर जनावरांची ही गर्दी असायची, तिच्यातून नेमकं ते निवडायचं. असे तीन प्रश्न, आणि तिन्ही बरोबर आले तरच दार उघडणार. पुस्तिका ज्याच्या हातात तो खरा मालक आणि बाकीचे चोर, असा गेम बनवणाऱ्यांचा हिशेब होता. चोरांनी कॉपी मारताना तो द्वारपालच गेममधून कापून टाकला होता. म्हणजे विकत घेणाऱ्याची रोज झडती आणि चोरणाऱ्याला दार सताड उघडं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण हा संन्यासी असा, की फासाचा दोर ओरिजिनल आहे एवढं बघूनच खूश.

लेकीला तर मिशाळ फारच आवडायचा. तिने हाक मारली की बाइंडर हाताला लागलेली खळ धुऊन दुकानातून आत यायचा, ती त्याच्या मांडीवर चढायची, तो पुस्तिका उघडून पान शोधायचा आणि ती कोपऱ्यावर बोट ठेवून ओरडायची, "मुंगूस!" मग दार उघडायचं. गावात तिने घरांपेक्षा विहिरी जास्त खोदल्या होत्या, म्हणून गावाचं नाव विहीरगाव.

पुढे लेक मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि तिचा प्रबंध बांधायला बापाकडेच आला. आला तो मुदत उलटून गेल्यावर. बाइंडरने आदल्या दिवसाच्या तारखेची पावती दिली असती तर कॉलेजने प्रबंध ठेवून घेतला असता. बाकीचे बाइंडर असल्या पावत्या हसत हसत देतात. याने दिली नाही, आणि वर तेच जुनं भाषण ऐकवलं, कॉम्प्युटरच्या दुकानदाराला ऐकवलेलं. लेकीचं वर्ष गेलं. ती दुसऱ्या शहरात राहायला गेली आणि तेव्हापासून बापाशी काही बोलायचं झालं तर आईमार्फत. बाइंडर चुकला नव्हता, आणि पंचाईत तीच होती. चुकलेल्या माणसाला निदान माफी मागता येते.

लेकीची आठवण आली की तो तोंडाने काही बोलायचा नाही, काहीतरी बांधायला घ्यायचा. अशाच एका दिवशी त्याने ती गेमची पुस्तिका काढली. हाताळून हाताळून तिची पानं सुटली होती. त्याने ती नव्याने शिवली, निळं कापड लावलेला पुठ्ठा चढवला, वर सोनेरी अक्षरांत 'विहीरगाव' उमटवलं, आणि शेवटी सवयीने मशीनवर तिन्ही बाजूंनी कटिंग केलं. कटिंगशिवाय बांधणी म्हणजे न विंचरलेलं डोकं, असं त्याचं मत. पुस्तक कपाटात ठेवताना त्याने त्यावरून दोनदा हात फिरवला.

आणि मग एके सकाळी बायको फोन ठेवून दुकानात आली.

"अहो, ती येतेय रविवारी. परदेशात नोकरी लागलीये. जायच्या आधी एक दिवस भेटून जाते म्हणाली."

"कोणाला?"

"मला," बायको म्हणाली. "आणि म्हणाली, बाबांना विचार, आपलं गाव अजून आहे का?"

बाइंडरने हातातल्या ब्रशने पुठ्ठ्याऐवजी टेबलाला खळ लावली. इतक्या वर्षांत लेकीने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. गाव अजून होतं, जुन्या कॉम्प्युटरमध्ये. फक्त दार उघडायचं राहिलं होतं.

त्याने कॉम्प्युटर पुसला, सीडी घातली, मिशाळ आला आणि त्याने बाविसाव्या पानावरचं जनावर विचारलं. बाइंडरने निळं पुस्तक उघडलं. कोपरे कोरे. इतके सरळ आणि स्वच्छ, की क्षणभर त्याला स्वतःच्या कटिंगचं कौतुकच वाटलं. मग ध्यानात आलं. सगळी जनावरं, पान क्रमांकासकट, त्याने स्वतःच्या हाताने कापून रद्दीत घातली होती. धंद्यात उमेदवारी करणारं पोरही कापण्याआधी समास तपासतं. याने आयुष्यात हजारो पुस्तकांचे समास तपासले आणि नेमकं हे पुस्तक मायेने कापलं.

त्याने अंदाजाने उंट दाबला, मग कासव, मग घुबड. पडद्यावर पाटी आली: तुमची प्रत चोरीची दिसते. कृपया प्रामाणिक खेळाडू व्हा.

"काय म्हणतोय?" बायकोने मागून विचारलं.

"मला चोर म्हणतोय."

"चला," बायको म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलंत, आता तुम्हाला ऐकवणारा कोणीतरी भेटला."

खोक्यावर मदतीसाठी एक फोन नंबर होता. तो लावला तर आता तिथे दाताचा दवाखाना होता. तिथल्या बाईंनी फार आस्थेने विचारलं, "कुठली दुखतेय?" त्याने कटिंगची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि गुरुवारची वेळ देऊ केली. मग कळलं, की ती कंपनी कधीच बुडाली होती आणि तिचे गेम दुसऱ्या एका कंपनीने घेतले होते. त्या कंपनीला त्याने ईमेल लिहिला. दुसऱ्या दिवशी अदबीने उत्तर आलं: आपण खरे मालक आहात याची खात्री पटावी म्हणून पुस्तिकेच्या कोणत्याही तीन पानांच्या खालच्या कोपऱ्यांचे फोटो पाठवावेत. बाइंडरने सविस्तर कळवलं, की कोपरे असते तर आपल्याला त्रास दिलाच नसता, आणि पुरावा म्हणून सोनेरी अक्षरांचा फोटो जोडला. पुन्हा उत्तर आलं: आपली बांधणी सुंदर आहे. कृपया कोपऱ्यांचे फोटो पाठवावेत.

शनिवार उजाडला. आता एकच दार उरलं होतं आणि ते साडूचं होतं.

साडूकडे जाऊन त्याने आधी हवेची चौकशी केली, मग साडूच्या गुडघ्यांची, मग गुडघ्यांच्या डॉक्टरांची. ताकाला जाऊन भांडं लपवावं ते किती वेळ? शेवटी जमिनीकडे बघत तो म्हणाला, "तुमच्याकडे तो गावाचा गेम आहे ना, तो जरा हवा होता."

"ओरिजिनल!" साडू टाळी वाजवून ओरडला. "तुम्ही? माझ्याकडे? पावती पाहिजे का, कालच्या तारखेची?"

घाव योग्य जागी बसला होता आणि तो आपल्या लायकीचाच होता, हे बाइंडरला कळत होतं. "पोरगी येतेय उद्या," तो म्हणाला. साडूचं हसू तिथेच थांबलं. त्याने कपाटातून सीडी काढून दिली आणि कशी लावायची ते दोनदा समजावलं. बाइंडरने ती शर्टाच्या आत घातली. वाटेत हवालदार दिसला तेव्हा त्याने रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली. हवालदाराच्या हातात भाजीची पिशवी होती आणि त्याला कोणातच रस नव्हता, पण चोर होण्याचा पहिलाच दिवस, शिस्त सांभाळायला नको?

रविवारी लेक आली. आईच्या गळ्यात पडली, बापाला "बरे आहात ना?" असं पाहुण्यासारखं विचारलं. चहा झाला. मग तिनेच कॉम्प्युटरकडे मान वळवली. बाइंडरने घाईघाईने बटण दाबलं आणि विहीरगाव सरळ समोर उघडलं. तोच वाकडा रस्ता, तीच चक्की, त्याच विहिरी.

लेकीने सगळं गाव बघून घेतलं. मग म्हणाली, "मिशाळ कुठंय?"

"कोण मिशाळ?"

"बाबा."

"असेल रजेवर."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान आधी लाल होतात. लेकीने त्याच्या कानांकडे पाहिलं आणि सीडी बाहेर काढली. तिच्यावर लाल शाईत काकांचं अक्षर होतं. नात्यातल्या प्रत्येक घरात त्या अक्षरातल्या दहा-बारा सीड्या होत्या, या एका घरात सोडून.

"काकांकडनं आणलीत? तुम्ही?"

"मीच. चोरीची आहे. माहितीये मला." मग त्याने निळं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि कटिंगपासून दाताच्या बाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. लेकीने सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं, पानं उलटून कोरे कोपरे पाहिले आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"पण पावती मी आजही देणार नाही," बाइंडर एकदम म्हणाला. हे नेमकं आत्ता बोलायची काय गरज होती, ते त्यालाही कळलं नाही. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो?

"तेही माहितीये," लेक म्हणाली. "म्हणूनच विचारतेय. माझ्यासाठी आणलीत?"

"तू गावाचं विचारलं होतंस," तो म्हणाला. "ते उघडलं नसतं तर चहा पिऊन निघाली असतीस. मला भीती वाटली."

लेक उठली, खोक्यातली ओरिजिनल सीडी काढून तिने आत घातली. दरवाजा आला, मिशाळ आला आणि त्याने अठराव्या पानाचं जनावर विचारलं. तिने पुस्तकाकडे न बघता मुंगूस दाबलं. बरोबर! मग त्याने सातवं पान विचारलं. तिने घुबड दाबलं. तेही बरोबर.

"तुला अजून पाठ आहेत?"

"तेव्हाच पाठ झाली होती. पहिल्या महिन्यातच."

"मग रोज मला पुस्तक कशाला उघडायला लावायचीस?"

"नाहीतर काय," लेक म्हणाली. "मला येतंय म्हटलं असतं, तर तुम्ही परत दुकानात खळ लावायला गेला असतात. पान शोधायला तुम्हाला केवढा वेळ लागायचा! तेवढा वेळ मांडी मिळायची."

प्रामाणिकपणावर जगाला भाषणं देणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्याच मांडीवर बसून, रोज फसवणूक चालली होती आणि त्याला पत्ता नव्हता. "म्हणजे तू मला फसवत होतीस," तो म्हणाला.

"रोज."

मिशाळने तिसरा प्रश्न विचारला. एकतिसावं पान. लेकीने हात मागे घेतला आणि स्टूल त्याच्या खुर्चीला चिकटून ओढलं.

"बघा पुस्तकात."

"अगं, कोपरेच नाहीत त्याला."

"असू दे. शोधा."

बाइंडरने चष्मा लावला, निळं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पान क्रमांक नसलेली पानं अंगठ्याने एकेक करत मोजायला लागला. उत्तर तिला येत होतं, पण ती बोलली नाही. मध्येच त्याची मोजणी चुकली, तेव्हा त्याने परत पहिल्या पानापासून सुरुवात केली.