पुतणीच्या नावाचा रकाना

माझी पुतणी चार वर्षांची होईपर्यंत तिला सरकारदरबारी नाव नव्हतं. जन्माची नोंद वेळेत झाली होती. दाखल्यावर तारीख, आईवडिलांची नावं, लखनऊचा पत्ता, सगळं बिनचूक होतं. नावाच्या रकान्यात मात्र एक आडवी रेघ होती.

त्याच काळात मी इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रासाठी जन्ममृत्यू नोंदणीच्या बातम्या करत होतो. विकसनशील देशांत कितीतरी मुलं कागदावर जन्मत नाहीत आणि कितीतरी माणसं कागदावर मरत नाहीत, यावर हॉटेलांत बैठका व्हायच्या. तज्ज्ञ कारणं सांगायचे: गरिबी, अंतर, निरक्षरता. आमच्या घरात यांपैकी काही नव्हतं. भाऊ बँकेत अधिकारी, वहिनी खाजगी कंपनीत अकाउंट्स बघणारी, घर लखनऊच्या महानगर वस्तीत. तज्ज्ञांच्या कारणांत आत्या नव्हती.

पुतणी झाली तेव्हा दवाखान्यात नोंदणीचं काम बघणाऱ्या बाई फॉर्म घेऊन आल्या आणि त्यांनी नाव विचारलं. आई, म्हणजे पुतणीची आजी, पुढे झाली. बारशाआधी बाळाचं नाव उच्चारायचं नसतं, हे तिने आधी मराठीत आणि मग तिच्या हिंदीत समजावलं. बाई म्हणाल्या, ठीक है माताजी, बाद में भरवा लीजिएगा. नियमात ते बसतं.

बारसं झालं. नाव आईने ठरवलेलं होतं आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं. पण आमच्यात बाळाचं नाव ठेवते ती आत्या. म्हणजे आमची थोरली बहीण, ताई. ती तेलीबागेत राहते, अमौसीच्या विमानतळावर विमान कंपनीत नोकरी करते आणि दिवसभर माइकवरून प्रवाशांना सूचना देते. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, मग ताठ उभी राहिली आणि विमानतळावरच्या आवाजात दुसरंच नाव जाहीर केलं.

नाव ठेवून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. आईचा धपाटा रिवाजाला लागतो त्याहून जोरात होता.

ती दोन नावं इथे देत नाही. आधी कोणतं लिहायचं यावरूनही घरात प्रश्न उभा राहील.

त्यानंतर आई आपल्या नावाने हाक मारायची, ताई आपल्या. पुतणी दोन्हींना ‘हाँ’ म्हणायची. भाऊ तिला ‘बेटा’ म्हणायचा. समोर कोणीही असलं तरी ते चालायचं. लसीच्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे वहिनीचं नाव होतं. दवाखान्यात कंपाउंडर तसंच पुकारायचा आणि तान्ह्या बाळांमधून एक चांगली उंच मुलगी उठून आपल्या पायांनी आत जायची. वाढदिवसाला बेकरीवाला विचारायचा, भैया, केक पे नाम? भाऊ सांगायचा, छोटा केक है, रहने दो.

मग शाळेची वेळ आली. वहिनीला घराजवळची एक शाळा हवी होती आणि तिथे सोडतीत पुतणीचा नंबर लागला. शाळेने दाखला परत केला. शनिवारी दुपारपर्यंत नाव असलेला दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल. नावाच्या भांडणात वहिनी तोवर एक अक्षर बोलली नव्हती. त्या संध्याकाळी ती भावाला म्हणाली, “मला नाव कुठलंही चालेल. सीट गेलेली चालणार नाही.”

शनिवारी सकाळी दोघं गुपचूप निघाले. मला बरोबर घेतलं. पत्रकार सोबत असला की काम लवकर होतं, अशी भावाची समजूत होती. नोंदणीच्या ऑफिसात तशी कोणाचीच नव्हती. तिथे बाकावर आई आधीच बसलेली होती. थोड्या वेळाने ताई आली, ड्यूटीवरून परस्पर, गणवेशात. दोघींना खबर कोणी दिली ते आजतागायत समजलेलं नाही.

खिडकीमागच्या बाईंनी दाखला पाहून नाव विचारलं. भावाने घसा साफ केला. तेवढ्यात आई आणि ताईने एकदमच दोन नावं सांगितली.

बाईंनी चष्मा काढला. “देखिए, एक बार चढ़ गया तो बदलवाने में चप्पल घिस जाएगी. घर से तय करके आना था.”

ताईने आत्याचा हक्क सांगितला. तो बाईंना तत्काळ पटला, कारण त्या स्वतः कोणाच्या तरी बुआ होत्या. मात्र त्यांच्याकडे बुआचा मान नेग घेऊन पुरा होतो. नेग म्हणजे अशा वेळी तिला द्यायची भेट. त्यांनी विचारलं, नेग मिला था? ताईला बारशाची साडी मिळायची होती. धपाट्यानंतर ती कपाटातच राहिली होती.

“बिना नेग के नाम?” बाईंनी हा प्रश्न रांगेला विचारला.

रांगेत मतं पडू लागली. एका बाईंच्या मते साडी अडवणारी आजी दोषी, तेव्हा नाव बुआचंच. त्यांच्या शेजारच्या गृहस्थांच्या मते मूल सांभाळते तिचं चालावं. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर चालेल याची खात्री नाही, असं खिडकीवरच लिहिलेलं होतं.

आमच्या मागे एक मध्यमवयीन माणूस उभा होता. तो वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी आला होता. त्याने कोणाची बाजू घेतली नाही.

“हमारे बाबूजी के तीन नाम थे,” तो म्हणाला. “घर का अलग, स्कूल का अलग, ज़मीन के काग़ज़ पर अलग. जीते-जी बड़ी शान थी. मरे एक ही बार हैं, और हम तीन दफ़्तरों में साबित करते घूम रहे हैं कि तीनों वही थे.”

आईने विचारलं, “कब से घूमता है बेटा?”

“माताजी, अब याद नहीं रखते.”

आईने त्याच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग भावाला म्हणाली, “हिचंच लिही रे.”

त्याच वेळी ताई म्हणाली, “आईचं लिही.”

“अगं, आत्या तू आहेस.”

“पण आधी तू ठरवलं होतंस.”

“मी आता किती दिवस हाका मारणार आहे?”

“हे असलं बोलायचं असेल तर तुझंच लिहायचं. विषय संपला.”

विषय संपला नाही. चार वर्षांत झाला नव्हता एवढा आवाज दोघींनी एकमेकींना मान देताना केला. रांगेत कोणीतरी हळूच, लखनवी थाटात, “पहले आप” म्हणालं. खिडकीमागच्या बाईंनी डबा काढून टेबलावर ठेवला.

वहिनीने खिडकीतून अर्ज ओढून घेतला, रकाना भरला, सही केली आणि कागद भावापुढे सरकवला. भावाने न वाचता सही केली. बँकेत तो असं करत नाही. बाईंनी डबा बाजूला सारून टाइप केलं.

दाखला हातात आला. नाव ताईचं होतं.

“पाळण्यात सगळ्यांसमोर घेतलं होतं, ते हेच,” वहिनी म्हणाली. तिने दुसरं कारण दिलं नाही.

आईने कागद दूर धरून वाचला. चांगलं आहे, ती म्हणाली, मी पहिल्यापासून सांगत होते. ताईने तो तिच्याकडून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

“छापलेलं बघितल्यावर जरा साधंच वाटतंय गं,” ती म्हणाली. “तुझं भारदस्त होतं, यार.”

आई काहीतरी बोलणार होती. वहिनीने ताईच्या हातून दाखला काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. “ताई, अठराची झाली की तिचं ती बदलेल. शाळेचं ऑफिस बंद होईल आता.”

शाळेतल्या क्लार्कने जन्मतारीख तपासली, शिक्का पाहिला, मग नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना भरलेला होता. नाव न वाचताच त्याने दाखला अर्जाला स्टेपल केला.

“सीट पक्की?” वहिनीने विचारलं.

“पक्की. सोमवार से भेजिए.”

तिने ते पुन्हा एकदा विचारलं आणि मग तिथल्याच लहान मुलांच्या खुर्चीवर बसली.