कॅलेंडरवर न मावलेला मेंढपाळ

आईच्या चुलतभावाचा फोन आला. पुणतांब्याजवळच्या तिच्या माहेरी चर्चचं रंगकाम काढलं होतं आणि वेदीमागचं, आप्पांनी काढलेलं चित्र भिंतीवर नव्हतं. आप्पा म्हणजे आईचे वडील. त्यांनी मोठमोठ्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवली, पण लोकांना ठाऊक आहे ते हेच एक चित्र, कोकरू कवेत घेतलेला मेंढपाळ येशू. तेही कॅलेंडरवरून, नावाशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुण्याहून गाडी काढली.

नगर ओलांडून कोल्हारला चहा घेतला. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, उसाच्या ट्रॅक्टरांमागे फार वेळ जातो. शिर्डीत पिठलं-भाकरी छान मिळाली. शेजारच्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळांत आप्पांचा मेंढपाळ होता. गोरापान, मागे गुलाबी आकाश.

"हे कुणी काढलंय?" आईने दुकानदाराला विचारलं.

"कंपनीचं हाय, मावशी. लई खपतं."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "गावातल्या धनगराला उन्हात बसवून काढलं होतं आप्पांनी. तो कुठे गोरा होता?"

चर्चमध्ये पाऊल टाकलं. वेदीमागे त्याच गुलाबी आकाशाचा फ्लेक्स टांगलेला. देखभाल करणाऱ्या मार्थाबाई झाडत होत्या.

"जुनं चित्र टाकून दिलंत?" आईने विचारलं.

"टाकू कशाला? रंगाचे शिंतोडे उडतील म्हून आत ठिवलंय. तवर मंडळींनी ह्यो लावला. त्यास्नी ह्योच खरा वाटतो, आपला काळा कसा म्हनून इचारत्यात."

आतल्या खोलीत चादरीत गुंडाळलेलं चित्र त्यांनी उघडलं. ओरखडाही नव्हता. रापलेला चेहरा, धुळकट आभाळ, कोपऱ्यात आप्पांची सही. कॅलेंडरवर मेंढपाळ गुडघ्यापाशीच संपतो. इथे खाली अनवाणी, भेगाळलेले पाय होते.

"हे पाय मी विसरलेच होते गं," आई म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून मोकळेपणाने रडली. मग हसली.

पाळकांनी चित्र रविवारी परत लावायचं कबूल केलं. तोवर आम्ही फोन करणाऱ्या मामाकडेच मुक्काम केला. उपासनेनंतर आईने आप्पांचं नाव घेऊन धनगराची गोष्ट सांगितली. दोन म्हाताऱ्यांना तो आठवत होता.

घरी आल्यापासून आई निवांत आहे. बाजाराने आप्पांना गिळलं असं मला वाटायचं. आता त्या कॅलेंडरचा तेवढा राग येत नाही. तुम्ही गेलात आणि चर्च बंद असलं, तर मार्थाबाईंना हाक मारा. चित्र मात्र पायांकडून बघायला सुरुवात करा.