विटांवर उभी गाडी

"सर, चाकच फिरून राह्यलं," प्रतीक्षा मडावी म्हणाली. तोपर्यंत नालवाडीच्या त्या सर्व्हिस सेंटरमधले सगळे मेकॅनिक हातातली कामं सोडून गंमत पाहायला जमले होते.

काम साधं होतं. मोटारीचं पुढचं चाक काढायचं. तिनं आधी जॅक लावून गाडी उचलली आणि मग पान्यानं नट सोडवायला घेतला. पाना फिरला की नटाबरोबर अख्खं चाक फिरायचं. जत्रेतला पाळणा फिरावा तसं.

ज्यांनी स्वतः कधी चाक बदललं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे असतात. टायर जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे चाक जागचं हलत नाही. गाडी त्यानंतर उचलायची. कोणत्याही ट्रकच्या क्लीनरला हे ठाऊक असतं. प्रतीक्षाला नव्हतं. ती आमच्या आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडमध्ये पहिली आली होती, आणि तिचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, मी होतो.

"काऊन हो सर," वर्क्स मॅनेजर गुल्हाने मला म्हणाले, "तुमच्या आयटीआयमधी गाड्या हवेतच राह्यतात का?"

सगळे हसले. मीही हसलो.

प्रतीक्षासाठी ही अप्रेंटिसशिपची ट्रेड टेस्ट होती. वर्षभर पगारी शिक्षण आणि काम जमलं तर पुढे तिथंच नोकरी. जागा मिळाली नाही तर गिरडजवळच्या गावी परत जाऊन शिवणकामाचा क्लास लावायचा, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. शिलाई मशीनही कुणाकडून तरी आणून ठेवली होती.

दुसरा उमेदवार संकेत, आमचाच. तो हुशार. प्रतीक्षाचं पाहून त्यानं गाडी खाली घेतली, पाना लावला, दोन्ही हातांनी जोर केला. नट ढिम्म. त्यानं वाकून नीट पाहिलं आणि निदान केलं, "सर, हे नट वेल्डिंग केलेले आहेत."

यावर एक मेकॅनिक हसता हसता टायरवरच बसला.

त्या पोरांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या वर्कशॉपमधली शिकवायची गाडी मी रुजू झालो त्याच्याही आधीपासून विटांवर उभी आहे. चाकं कायम अधांतरी. आत सगळं गंजून जाम झाल्यामुळे ती फिरत नाहीत. नट मात्र इतक्या बॅचनी इतक्या वेळा काढले-लावले आहेत, की दोन बोटांनी सुटतात. म्हणजे जगात इतरत्र जे फिरतं ते आमच्याकडे जाम, आणि जे जाम असतं ते फिरतं. सरकारी तपासणीआधी आम्ही त्या गाडीला रंग मारतो. आतापर्यंत इतके थर झाले आहेत, की रंग खरवडला तर खाली पत्रा सापडेलच याची खात्री मी देणार नाही.

लेखी आणि तोंडी परीक्षेत मात्र आमचा हात कुणी धरणार नाही. गुल्हान्यांनी प्रतीक्षाला डिफरन्शियल विचारला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ही यंत्रणा. तिनं न अडखळता सांगितलं. फळा मागून घेऊन आकृतीही काढली.

"इतकं मस्त तं मलेबी सांगता येत नाई," गुल्हाने म्हणाले. "पण कस्टमर चाक काढाले येते बेटा, आकृती पाहाले नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शनिवारी या. दोघांची टेस्ट पुन्हा घेतो."

बाहेर आल्यावर संकेत म्हणाला, "मी नाई येत सर. पुन्हा हसं करून घ्याले जाऊ का?"

मी त्याला समजावायला हवं होतं. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो. एका कंपनीनं संस्थेला भेट दिलेली नवी मोटार आमच्याकडे शटरच्या आत उभी असते. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. दसऱ्याला तेवढं शटर उघडतं. गाडीला झेंडूचा हार चढतो, पुढे नारळ फुटतो आणि शटर पुन्हा बंद होतं.

"सर, दोन दिवस ती गाडी मुलांना खोलायला द्या."

"खोलायला?" मी गाडी जाळायची परवानगी मागावी तसं त्यांनी पाहिलं. "स्क्रॅच आला तर?"

"येईल सर. शिकताना येतोच."

"मग तपासणीत काय दाखवू? स्क्रॅच?"

"पोरं नापास होऊन राह्यली, सर."

"कुठं? आपला निकाल बघा. शंभर टक्के आहे."

त्या निकालातले प्रॅक्टिकलचे मार्क मीच दिलेले होते.

उरली माझी स्वतःची गाडी. इथं एक गोष्ट सांगायला लाज वाटते. मोटर मेकॅनिकचा निदेशक असून मी माझी गाडी पिपरी मेघेच्या एका गॅरेजला देतो. वेळ नसतो, असं बायकोला सांगतो. खरं म्हणजे शिकवता शिकवता माझेही हात विटांवर गेले आहेत.

शुक्रवारी मी गाडी वर्कशॉपसमोर लावली आणि प्रतीक्षाला म्हटलं, "काढ चाक."

तिनं पाना लावला. नट हलेना. टायरवाले हल्ली एअर गननं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानं, नट आवळतात. हाताच्या जोरावर ते सुटत नाहीत. ती दांड्यावर एक पाय देऊन उभी राहिली.

"सावकाश, पाना सटकेल," मी म्हणालो.

"सर, तुम्ही जरा तिकडं सरकता का?" असं म्हणून तिनं सगळं वजन टाकलं.

कडाक् असा आवाज आला. मला वाटलं काहीतरी तुटलं. तिला वाटलं सुटलं. तिचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं नट सोडवायला शिकवतोय, पण आमच्या वर्कशॉपमध्ये हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

चाक निघालं. तिनं आत डोकावून पाहिलं आणि मला हातानं जवळ बोलावलं.

"काय झालं?"

"सर, पॅड तं पुरे संपले."

ब्रेक पॅड म्हणजे चाक थांबवण्यासाठी डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, दोन्हीकडून दाबून धरणारा जाड थर. माझ्या गाडीत तो थर उरलाच नव्हता. लोखंड लोखंडावर घासत होतं. गॅरेजवाला दर वेळी "ब्रेक एक नंबर" म्हणायचा आणि मी मान डोलवायचो.

"तुम्ही मागच्या रविवारी काकूंले घेऊन गिरडच्या टेकडीवर गेलते ना?" तिनं विचारलं. "याच गाडीनं उतरले का सर?"

मी हो म्हणालो. उतरताना करकर आवाज येत होता. बायकोनं विचारलं तेव्हा मी ब्रेक कसा काम करतो यावर तिला एक छोटं व्याख्यान दिलं होतं.

त्या दिवशी प्रतीक्षानं चारही चाकं काढली आणि बसवली. बोटं सोलवटली. नवे पॅड मी आणले, बसवले तिनं.

शनिवारी टेस्टला दोघांपैकी ती एकटीच आली. आधी नट ढिले, मग जॅक, मग चाक. गुल्हाने घड्याळ बघत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ बघणं सोडून दिलं.

"कुठं शिकली वं इतक्यात?"

"सरांच्या गाडीवर," ती म्हणाली. आयटीआयचं नाव तिनं घेतलं नाही. मला ते बोचलं, आणि बोचायलाच हवं होतं.

तिला घेतलं. पहिले काही आठवडे गाड्या धुवायला लावलं. ती टिकली. आता ब्रेकचं काम तिच्याकडे असतं.

संकेत मामाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. परवा मी दुकानात गेलो तर उठून उभा राहिला. "या सर, बसा. चहा सांगू?" म्हणाला. त्यानं शिवी दिली असती तर जरा हलकं वाटलं असतं. गुणपत्रिका त्याचीही फर्स्ट क्लासची आहे, आणि सही माझी.

एवढ्या वर्षांत मला कळलं ते इतकंच, की आमच्या धंद्यात शिकवणारा कधी नापास होत नाही. ती सोय फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे.