प्लग मीच काढला होता

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही कोणी बोलायला लागलं की मी उठून जातो. एकलहरेच्या वीज केंद्रात नोकरी केलेला माणूस मी. सप्लाय असेल तर यंत्र चालेल, नसेल तर नाही — विषय संपला! तरीही हे लिहितोय, कारण माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणि यात माझी सोनल आहे. लेकीचं कौतुक जरा जास्त होईल, आधीच सांगतो... चालवून घ्या.

सोनल सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. तिथे सगळ्यांच्या फायली एकाच सर्व्हरवर असतात आणि जो तो आपल्या टेबलावरून त्या उघडतो. तो सर्व्हर जुना झाला म्हणून नवा घेतला, आणि फायली हलवायचं काम सोनलकडे आलं. तेव्हा ती प्रोबेशनवर होती. "मुलीला झेपेल का हे?" असं मॅनेजर तिच्या तोंडावर म्हणाले. ऐकून माझं डोकंच फिरलं.

रविवारी मदतीला मीही गेलो. कॉपी झाल्यावर जुन्या सर्व्हरचा प्लग मीच काढला. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून त्याच्यावर सुकून पडला होता. सोनलने त्याच्यावर हात ठेवला नि म्हणाली, "खूप केलंस रे... आता आराम कर."

"अगं, पत्र्याच्या डब्याशी काय बोलतेस!" मी हसलो.

सोमवारी ती जेवणाचा डबा विसरली, म्हणून मी एसटीने सिन्नर गाठलं. आत बघतो तर गोंधळ. नव्या सर्व्हरवरची एकही ड्रॉइंगची फाइल उघडेना! बाकीचं सगळं ठीक, नेमकी ड्रॉइंगच खराब. आणि दुपारी पुण्याचे ग्राहक तीच बघायला येणार होते. सोनलने परमिशन तपासल्या, वायर बदलली, फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणून पाहिली... छे. बॅकअपमध्येही तेच. शेवटी जुना सर्व्हर लावला, तर फट्ट् आवाज, जळका वास आणि खेळ खलास. मी झटकन प्लग ओढला, सप्लायची आणि नेटवर्कची, दोन्ही वायरी काढून त्याच्या डोक्यावर गुंडाळून ठेवल्या.

"आज हे उघडलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले. माझी मूठ वळली. पण पोरगी? रडली नाही, कोणावर ढकललं नाही. "सर, मला काम करू द्या," एवढंच बोलली.

मग तिने जुन्या सर्व्हरचा पत्ता टाइप केला.

"अगं, तो मेलाय."

"माहितेय, बाबा. एकदा बघते."

एंटर दाबलं... आणि फोल्डर उघडला! एक ड्रॉइंग उघडलं. दुसरंही उघडलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी कोपऱ्यात बघितलं — वायरी तशाच गुंडाळलेल्या, एक लाइट नाही. हात लावला तर पत्रा गार. मी काही बोलणार, तेवढ्यात सोनल हळूच म्हणाली, "बाबा, आधी कॉपी होऊ दे." काय ती हिंमत! मी त्या गुंडाळलेल्या वायरींवर नजर रोखून उभा आणि ही शांतपणे एकेक फोल्डर नव्या सर्व्हरवर घेत होती. शेवटचा फोल्डर आला, मग तिने तोच पत्ता पुन्हा टाकला. सापडला नाही. त्यानंतर कधीच सापडला नाही.

ग्राहक ड्रॉइंग बघून खूश होऊन गेले. "फायली कुठून काढल्यास?" मॅनेजरांनी विचारलं. सोनलने कोपऱ्याकडे बोट केलं. त्यांनी त्या वायरींकडे बघितलं आणि सरळ केबिनकडे निघून गेले. पुढे तिला कायम केलं.

सोनल म्हणते, कुठेतरी कॉपी राहिली असेल. मग ती तिला स्वतःलाच का सापडली नाही? मोठे इंजिनिअर येऊन शोधून गेले, त्यांनाही नाही. सप्लाय नव्हता, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

तो सर्व्हर भंगारात जाणार होता. सोनलने मागून घेतला. आता आमच्या हॉलमध्ये आहे. यंदा दसऱ्याला मी त्याला हार घातला — मी! माझ्या पोरीची मान ताठ राहिली ती याच्यामुळे. पत्र्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "खूप केलंस रे..."

आतून सोनल ओरडली, "बाबा, पत्र्याच्या डब्याशी काय बोलताय!"