नकाशावरून नाहीसे झालेले विमान

मुलगी नोकरीसाठी शारजाला निघाली, त्या दुपारी स्नेहलतागंजमधल्या घरी मी मोबाईलवर तिचे विमान पाहत बसले होते. ते समुद्रावर पोहोचले आणि नकाशावरचे पिवळे चिन्ह नाहीसे झाले.

पूर्वी बेपत्ता झालेल्या एका प्रवासी विमानाविषयी मी पुष्कळ वाचले होते. आग लागली असेल, आतली हवा गेली असेल, कोणी मुद्दाम दिशा बदलली असेल. ही स्पष्टीकरणे तेव्हा मला बुद्धीचा खेळ वाटत. आता त्यांतल्या प्रत्येकात माझी मुलगी खिडकीशी बसलेली होती.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या यजमानांपुढे मी फोन धरला.

“अगं, स्टेशनबाहेर आउटरला रोकली असेल. सिग्नल नसेल मिळाला. टेन्शन मत ले.”

“विमान उभं राहतं का हो?”

ते माझ्याशेजारी येऊन बसले. भर समुद्रात विमानाचे संकेत टिपणारी केंद्रे नसतात, हे साधे कारण आम्हां दोघांनाही सुचले नाही.

किनाऱ्याजवळ चिन्ह पुन्हा उमटले, तेव्हा ते हळूच म्हणाले, “घे, आली प्लॅटफॉर्मवर.”

तिचा आवाज ऐकेपर्यंत मला मात्र फोन खाली ठेवता आला नाही.